केरसुणीपासून घुमटापर्यंत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भाईंदरच्या बाजारात केरसुण्यांचे ढीग लागतात. एरवी केरसुणी म्हणजे दाराआड उभी करायची, पाहुण्यांच्या नजरेस पडू द्यायची नाही अशी वस्तू. परंतु त्या दिवशी तिला कोणी केरसुणी म्हणत नाही. 'लक्ष्मी' म्हणतात, घरी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि मग तिच्या हाती घर सोपवतात. आमचे गुजराती शेजारी नववर्षाच्या पहाटे मीठ घेतात आणि त्याला 'सबरस' म्हणतात. मिठागरांच्या या गावाला ती चाल मोठी शोभून दिसते.

आता संपत्ती ही काही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नव्हे. नाणे दिसते, नोट दिसते, भाताने भरलेली कणगी दिसते. पण निव्वळ 'संपत्ती' कोणी पाहिली आहे? तरीही आपण तिला तोंड दिले, चार हात दिले, हातांत कमळे दिली आणि वर्षातून एकदा तिची वाट पाहत दारात पणती लावून ठेवली. व्याकरणाच्या तासाला याला 'चेतनगुणोक्ती' असे भारदस्त नाव मिळते आणि उदाहरणे दिली जातात ती बहुधा कवितेतली. त्यामुळे पुष्कळांचा असा ग्रह होतो की, अमूर्त कल्पनेला माणसाचे रूप देणे हा कवींचा शौक आहे. मला तसे वाटत नाही. हा शौक नसून व्यवहार आहे. ज्याला तोंड नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. त्याला जेवू घालता येत नाही, त्याच्यावर रुसता येत नाही आणि घराबाहेरही काढता येत नाही. दारिद्र्याला घराबाहेर काढायचे, तर आधी त्याला पाय हवेत.

ते पाय आपल्या पूर्वजांनी दिले. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण निघाली, ती अलक्ष्मी ऊर्फ ज्येष्ठा, अशी कथा आहे. तिचे वाहन गाढव आणि तिच्या ध्वजावर कावळा. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सुपे वाजवून तिला हाकलण्याची चाल जुनी आहे. मौज अशी की, हाकलायचे तीही नाते जोडूनच! थोरली बहीण म्हणून मराठी माणसाने तिला 'अक्काबाई' केले, आणि घरावर दैन्य आले की 'अक्काबाईचा फेरा आला' असे तो म्हणू लागला. ज्या संकटाने घर बुडवले, त्यालाही 'बाई' म्हणून मान देणारी भाषा जगात थोड्याच असतील.

नशिबाचीही तीच गत. बाळाच्या जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे प्राक्तन लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी पाटावर मांडून ठेवायची. म्हणजे दैव झाले म्हणून काय झाले, लिहायला बसायचे तर तिलाही साहित्य लागणारच!

रोगाच्या बाबतीत मात्र हा व्यवहार जिवावरचा होता. 'देवी' या एकाच शब्दाने मराठीत तीन अर्थ वाहिले: देवळातली देवी, अंगावर उठणारा रोग आणि त्या रोगावरची लस. रोगाला देवी मानल्यामुळे लोक लसीला भीत, 'ती कोपेल' म्हणत, हे खरेच आहे. हिंदुस्थानातले पहिले देवी टोचणे मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या एका मुलीला झाले. पण या देशातल्या देवीच्या रोगाचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडून तो संपला, तोवर १९७५ साल उजाडले होते. १९८० साली जगातूनच तो रोग गेल्याचे जाहीर झाले. एवढ्या मोठ्या काळातला काही विलंब त्या भीतीच्या खात्यावर टाकावाच लागेल. तरीही भाषेने शेवटी काय केले ते पाहावे. लसीलाही तिने 'देवी'च म्हटले, आणि गावोगाव फिरणाऱ्या टोचणाऱ्याला 'देवी डॉक्टर' म्हटले. कोपणारी तीच आणि तारणारीही तीच, असे ठरल्यावर दंड पुढे करायला माणसे हळूहळू तयार झाली.

रोगाला जसे रूप मिळाले, तसेच आरोग्यालाही. आमच्या मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तनच्या किनाऱ्यावर वेलंकनी मातेचे तीर्थस्थान आहे. वेलंकनीची माता म्हणजे तमिळ मुलखातली 'आरोग्यमाता'. सप्टेंबरात तिच्या सणाला जाणाऱ्यांत सगळेच ख्रिस्ती असतात असे नाही. मेणबत्ती घेऊन उभी राहिलेली बाई 'आरोग्य' या कल्पनेपुढे उभी नसते. जिला स्वतःचे मूल होते आणि जी ऐकून घेईल, अशा एका आईपुढे ती उभी असते. दुःख सांगायला कान असलेले कोणी लागते, एवढी गोष्ट धर्म बदलला म्हणून बदलत नाही.

घरातला हा व्यवहार ग्रंथांत शिरला, तेव्हा त्याला आणखी बळ आले. पद्मपुराणातल्या भागवत-माहात्म्यात भक्ती ही एक तरुण स्त्री म्हणून नारदाला भेटते आणि आपली हकीकत सांगते. ती द्रविड देशात जन्मली, कर्नाटकात वाढली, महाराष्ट्रात तिला कुठे कुठे मान मिळाला, गुजरातेत गेल्यावर म्हातारी झाली आणि वृंदावनात आल्यावर पुन्हा तरुण झाली. तिचे दोन मुलगे, ज्ञान आणि वैराग्य, मात्र तिच्याशेजारी जर्जर होऊन पडलेले आहेत. दक्षिणेतून निघून उत्तरेकडे गेलेल्या एका मोठ्या धार्मिक प्रवाहाचा इतिहास इथे एका बाईच्या प्रवासात सांगितला आहे. आई तरुण आणि मुलगे म्हातारे, या एका चित्रात त्या पुराणकाराने आपल्या काळावर केलेली टीका पाने भरून लिहिली असती, तरी इतकी लक्षात राहिली नसती. सोळाव्या शतकात आमच्या एकनाथांनी तर कामक्रोधाला विंचू केले आणि भारुडातून तो बाजारात आणून सोडला. षड्रिपूंवर प्रवचन ऐकताना डुलकी लागेल. विंचू चावलेला माणूस समोर नाचू लागला म्हणजे कोणाची छाती आहे झोपण्याची!

विसाव्या शतकात राजकारणाने हेच हत्यार उचलले. १९०५ साली, बंगालच्या फाळणीच्या धामधुमीत अवनींद्रनाथ ठाकुरांनी भगव्या वस्त्रातली एक स्त्री रंगवली. तिच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि जपमाळ होती. ती भारतमाता. नकाशा हा सर्वेक्षण खात्याचा कागद. त्याच्यासाठी तुरुंगात कोण जाणार? आईसाठी मात्र माणूस जातो. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, मराठी रंगभूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' आले. कथा महाभारतातली आणि पात्रे सर्वांच्या ओळखीची. पण प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही की विटंबना होते आहे ती सैरंध्री म्हणजे आपला देश, कीचक म्हणजे कर्झनशाही, समजुतीच्या गोष्टी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही ते उशिरा का होईना कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. व्याकरणातल्या एका अलंकारावर हुकूम बजावण्याची पाळी सरकारवर यावी, यापरते त्या अलंकाराच्या सामर्थ्याला प्रशस्तिपत्र ते कोणते!

याच्या उलट दिशेचाही एक प्रवास आपल्याकडे झाला आहे, आणि तो दिवाळीशी निगडित आहे. पाडव्याचा बळी हा पुराणातला राजा. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले; तो कष्टकऱ्यांचा, शेतकऱ्यांचा राजा झाला. आज 'बळीराजा' म्हटले की कोणा एका राजाची आठवण होत नाही. घाम गाळणारा अवघा शेतकरीवर्ग डोळ्यांपुढे येतो. इथे कल्पनेला माणसाचे रूप मिळाले नाही, तर माणसाचीच कल्पना झाली.

आणि या सर्व मूर्तींना घरोघर पोहोचवले ते छापखान्याने. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना देवळात शिरण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर आता लक्ष्मी आणि सरस्वती आल्या, आणि आल्या त्या एखाद्या घरंदाज बाईसारखी साडी नेसून. तेव्हापासून डोळे मिटून 'विद्या' म्हटले की आपल्याला ती पांढऱ्या साडीतली, मांडीवर वीणा घेतलेलीच दिसते.

येथवर मी सांगितल्या त्या साऱ्या मूर्ती आपल्या दारात येणाऱ्या. आता दारात न येणाऱ्यांकडे वळू. नोकरीनिमित्त माझी पुष्कळ वर्षे भाईंदर-चर्चगेट या फेरीत गेली. चर्चगेटला उतरून रस्ता ओलांडला की पश्चिम रेल्वेच्या मुख्य कचेरीची इमारत लागते. १८९९ साली ती पुरी झाली, तेव्हा ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची होती. मान वर करून पाहिले तर तिच्या माथ्यावर एक स्त्री उभी आहे, आणि तिच्या हाती आगगाडीचे इंजिन आणि चाक. ती 'अभियांत्रिकी'. ओव्हल मैदानाच्या पलीकडे हायकोर्ट आहे; १८७८ साली बांधून झालेल्या त्या इमारतीच्या माथ्यावर दोन आकृती आहेत, न्याय आणि दया. तिथून बोरीबंदरपर्यंत चालत गेले, तर १८८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या स्थानकाच्या घुमटावर 'प्रगती' एका हातात मशाल उंचावून उभी आहे. खाली फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, तो इंग्लंड; दुसरीकडे वाघ, तो हिंदुस्थान. राज्यकर्त्यांनी आपली सारी राज्यविद्या दगडात कोरून छपरांवर मांडून ठेवली होती.

या बायका रोमहून विलायतेमार्गे आल्या. लॅटिन भाषेत न्याय, विद्या, स्वातंत्र्य हे शब्द स्त्रीलिंगी. म्हणून तिकडच्या शिल्पकारांनी त्यांना बाई केले आणि तीच वहिवाट पडली. आपल्याकडे न्याय हा पुल्लिंगी. आपला न्यायनिवाडा करणारा म्हणजे यमधर्म, रेड्यावर बसून येणारा. तराजू धरलेल्या बाईला आपण आत घेतले ते 'न्यायदेवता' असा शब्द घडवून. तिचे पुरते देशीकरण व्हायला मात्र फार काळ लागला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीची चर्चा झाली, तेव्हा ती साडी नेसून, डोळे उघडे ठेवून, तलवारीऐवजी संविधान हातात घेऊन उभी असलेली लोकांनी पाहिली.

छपरावरच्या या बायकांकडे पाहता पाहता एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. वर बाई उभी आहे. खाली कोण बसले आहे?

हायकोर्टाच्या माथ्यावर न्याय नावाची स्त्री १८७८ पासून उभी आहे. त्याच न्यायालयात न्यायाधीशाच्या आसनावर पहिली स्त्री बसली ती १९७८ साली; त्या सुजाता मनोहर. बरोबर शंभर वर्षे लागली छपरावरून खाली यायला! मुळात स्त्रियांना वकिली करण्याची कायदेशीर मोकळीकच १९२३ मध्ये मिळाली. रेल्वे कचेरीवरच्या बाईने १८९९ पासून इंजिन हातात धरले होते. जिवंत बाईच्या हाती इंजिन आले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत साहाय्यक चालक झाल्या तेव्हा. आमच्या मार्गावर खास बायकांची गाडी निघाली ती १९९२ च्या मे महिन्यात, तीही आधी बोरिवलीपर्यंतच; विरारपर्यंत जाऊन आम्हां भाईंदरकरणींना ती मिळायला पुढचे साल लागले. हे काही आपल्याच देशाचे वैगुण्य नाही. १८८६ साली न्यू यॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा तिथल्या मताधिकारवादी स्त्रिया होडीतून निषेध करायला गेल्या होत्या. स्वातंत्र्य बाईच्या रूपात उभे. पण बाईला मत नाही! ते साऱ्या अमेरिकेत मिळायला १९२० साल उजाडले.

आपल्या घरातल्या देवतांचा हिशेबही निराळा नाही. विद्येची देवता स्त्री, हे आपण हजारो वर्षे सांगत आलो. पण १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्याच शहराने सावित्रीबाईंवर शेण फेकले. पाटीवर सरस्वती काढायची, पूजाही करायची; पाटी मात्र मुलीच्या हाती द्यायची नाही.

आणि लक्ष्मी? आमच्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती केवळ आमच्या घरातली नाही. राई-मुर्ध्याकडे आमची थोडी भातशेती होती. १९८५ साली इथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली. या काळात मिठागरांच्या कडेने इमारती उठू लागल्या आणि ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते तिला भाव आला. आजोबा गेल्यावर तलाठ्याकडे नावे लावायची वेळ आली, तेव्हा घरच्या मोठ्यांनी आत्याला बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिला नेहमीपेक्षा भारी साडी मिळाली. पुढे कधीतरी मी तिला विचारले, "आत्या, तू सही का केलीस गं?"

ती म्हणाली, "अगं, सही केली नसती तर माहेर तुटलं असतं." आणि मग थोडे हसून, "जन्मभर मला घरची लक्ष्मी म्हणाले. लक्ष्मीला कुठं सातबारा लागतो?"

तिच्या या वाक्यात मला आजवर वाचलेल्या सगळ्या पुराणांचे मर्म सापडले. माणसाला देवता केले, की त्याला पूजा लागते. हक्क लागत नाही. देवतेला भूक नसते, म्हातारपण नसते, औषधाचा खर्च नसतो. 'लक्ष्मी' म्हणणे हा मान होता यात शंका नाही; पण तो हिश्श्याच्या बदल्यात दिलेला मान होता.

कायदा यापुढे गेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देण्याची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. त्या आधी लग्न झालेल्या मुली मात्र तिच्याबाहेर राहिल्या. २००५ साली सर्व देशासाठी दुरुस्ती झाली आणि लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. आणि कायद्याची वाट न पाहता काही शेतकऱ्यांनी त्याआधीच एक काम केले होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम काढली: घरच्या बाईच्या नावावर स्वखुशीने जमीन करून द्यायची. ज्या गावात अशी शंभर घरे होतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. नाव किती नेमके ठेवले आहे ते पाहावे. लक्ष्मीची पूजा आपण शतकानुशतके केली. तिची मुक्तता करावयाची राहिली आहे, हे या शब्दात सांगून टाकले.

म्हणून मूर्ती मोडाव्या, चित्रे उतरवावी, असे मी म्हणत नाही. तोंड नसलेल्या कल्पनेवर माणसाला प्रेम करता येत नाही, हे तर मी वर इतक्या विस्ताराने सांगितलेच आहे. भक्ती बाई झाली म्हणून तिची कहाणी आपण ऐकली. देश आई झाला म्हणून त्याच्यासाठी माणसे फासावर गेली. फक्त ज्या कल्पनेला आपण ज्याचे रूप उसने घेऊन दिले, त्याचे भाडे थकवू नये, इतकेच. बळीराजाचे गुणगान करणाऱ्याने भाताला भाव द्यावा. न्यायदेवतेची मूर्ती बसवणाऱ्याने बाईच्या फिर्यादीला तारखांमागून तारखा देऊ नयेत.

यंदा लक्ष्मीपूजनाला वाचकांच्या घरीही नवी केरसुणी येईल, तिला हळदकुंकू वाहिले जाईल. पाटावर सोनेनाणे, चोपड्या मांडल्या जातील. त्यांच्याबरोबर घरच्या कपाटातला सातबारा किंवा जागेचा करारही एकदा बाहेर काढून मांडावा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती पाहावी. पूजेचे तबक हातात धरून जी उभी आहे, तिचे नाव त्यात असेल, तर लक्ष्मीला आवाहन वेगळे करावे लागणार नाही.